दुभाजकातलं पंक्चर

सिग्नल सुटला, गाडी पुढं सरकली आणि नेमकं तेव्हाच दीपमालाला दुभाजकातल्या मोकळ्या जागेत उभा असलेला म्हातारा दिसला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, एक हात सिमेंटच्या ठोकळ्यावर टेकलेला. दोन्ही बाजूंनी जालना रोड वाहत होता. रिक्षा, ट्रक, कंपनीच्या बसगाड्या, त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. त्यांच्या वाऱ्यानं म्हाताऱ्याच्या धोतराचा सोगा उडत होता आणि तो दुसऱ्या हातानं सोगा धरून ठेवत होता. हे आपले वडील आहेत हे तिच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. तेवढ्यात गाडी पुढं निघून आली होती. 'थांबव' हा शब्द तिच्या तोंडात तयार झाला होता. तो तिथंच राहिला. ड्रायव्हर सांडू आरशात बघत म्हणाला, "कैसे बीच में खडे रहते देखो, मॅडम. घरच्यांनी तरी सोडू नये ना म्हाताऱ्या माणसाला असं."

"हं," दीपमाला म्हणाली.

नंतर तिनं मनाशी कारणं शोधून पाहिली. मागं गाड्या होत्या, थांबता आलं नसतं. दुपारच्या बैठकीला उशीर होत होता. सांडूला कळलं असतं. ही सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही कारण नव्हतं. खरं एवढंच, की त्या क्षणी तिला वडील दिसले नव्हते, एक म्हातारा दिसला होता. आणि तो तात्यासाहेब असल्याचं कळल्यावरही तिला तो आणखी थोडा वेळ नुसता म्हातारा म्हणूनच बघावासा वाटला होता. देवगाव रंगारीच्या बाजारातून तात्यासाहेब चालू लागले की माणसं आपोआप बाजूला व्हायची. त्यांना गर्दीतून वाट काढावी लागल्याचं तिनं कधी पाहिलं नव्हतं. शेत बटाईनं देऊन ते तिच्याकडे राहायला आले, तेव्हापासून त्यांनी बाहेर जाण्याचं नाव काढलं नव्हतं. नवरा विश्वजीत नोकरीपायी पुण्याला, शनिवार-रविवार येणारा. ती सकाळी ऑफिसला जायची तेव्हा तात्या गॅलरीत खुर्चीवर असायचे, संध्याकाळी यायची तेव्हाही तिथंच. मधल्या वेळात ते काय करतात, असं तिनं विचारलंही नव्हतं. "पडतो जरा दुपारचा," असं तेच मधूनमधून सांगायचे.

तिच्या मांडीवर फाइल होती. शहर आणि आसपासच्या तालुक्यांसाठी येत्या काही वर्षांत रस्ते-वाहतुकीवर खर्च करायचा, त्यात आधी काय आणि मागाहून काय हे ठरवायची बैठक होती. जालना रोडवरचा लांबलचक उड्डाणपूल, बाहेरून वळसा घेणारा रस्ता, कन्नडकडच्या रस्त्याचं रुंदीकरण, शहर बसच्या गाड्या. आणि पहिल्याच पानावर तिनं स्वतः सुचवलेलं काम: जालना रोडच्या दुभाजकातली पंक्चरं बंद करणे. दुभाजक फोडून लोकांनी जागोजाग ज्या वाटा केल्या होत्या त्यांना सगळे पंक्चर म्हणत. त्यातून दुचाक्या घुसतात, माणसं आडवी येतात, वाहनांचा वेग तुटतो, अपघात होतात. काम स्वस्त, लवकर होणारं, परिणाम लगेच दाखवणारं. तात्या ज्या जागेत उभे होते ती चिकलठाण्याच्या अलीकडची जागा यादीत होती. तिथं उभी राहून तिनं स्वतः फोटो काढले होते. फोटोत कुणी माणूस येऊ नये म्हणून थोडं थांबलीही होती.

बैठकीत एसी फार थंड होता. वाघचौरे साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "उड्डाणपूल होईल तेव्हा होईल. वळणरस्त्याला जमीन घ्यायची तर त्यात माझी रिटायरमेंट होऊन जाईल. या वर्षी लोकांना काय दिसणार, ते सांगा."

"पंक्चरं, सर," बुद्धभूषण म्हणाला. तो विभागातला हुशार अभियंता, तिच्याच हाताखाली तयार झालेला. भिंतीवर रस्त्याचा नकाशा उमटला. लाल ठिपके म्हणजे बंद करायच्या जागा. "ही बंद झाली की वेग लगेच वाढतो. मॅडमचाच प्रस्ताव आहे."

"उत्तम. घ्या पहिल्यात."

"एक जागा सोडू या का?" दीपमाला म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "चिकलठाण्याच्या अलीकडची. तिथून लोक पायी ओलांडतात."

"लोक सगळीकडूनच ओलांडतात. तुम्हीच लिहिलंय की." साहेबांनी चष्मा खाली आणून वाचलं, "'सदर ठिकाणी पादचाऱ्यांच्या जिवास धोका संभवतो.' बरोबर लिहिलंय. मग?"

"किती लोक, मॅडम?" बुद्धभूषणनं विचारलं. त्यात खोच नव्हती. असा प्रश्न विचारायला तिनंच त्याला शिकवलं होतं.

एक, असं ती म्हणणार होती. म्हणाली, "मोजणी केलेली नाही."

"मग पादचारी पूल टाकू तिथं, पुढच्या टप्प्यात," साहेब म्हणाले. सगळ्यांनी लिहून घेतलं. तिनंही लिहून घेतलं. नंतर कन्नडच्या रस्त्याचा विषय निघाला आणि तो दुसऱ्या टप्प्यात ढकलला गेला, तेव्हा ती खिडकीबाहेर पाहत होती. बैठक उठताना साहेब हसून म्हणाले, "आज कन्नड रोडसाठी भांडला नाहीत. बरं वाटत नाही का?"

त्या रस्त्यासाठी ती दर वर्षी भांडायची. तिची आई त्या रस्त्यानं गेली होती. म्हणजे तिला सांगण्यात आलं होतं ते तसं. ती तेव्हा शहरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, होस्टेलवर. सकाळी आईच्या छातीत कळ आली, जीपमधून शहराकडे आणली, दौलताबादच्या घाटात ट्रक अडकून रस्ता तुंबलेला, किल्ल्याच्या जुन्या दरवाजाशी गाडी हलेना, आणि शहराच्या तोंडाशी, छावणीपाशी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. "रस्त्यानं नेली तिला," असं तात्या येईल त्या माणसाला सांगत होते. तेराव्याला पंगत बसली होती. तेव्हा मनकर्णाआत्या, तात्यांची थोरली बहीण, वाढता वाढता थांबली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "रस्त्यानं नाय नेली. तुझ्या ताठ्यानं नेली." मग हातातलं भांडं खाली न ठेवता तिनं सगळं सांगितलं. सकाळी जीप कन्नडला गेलेली. मल्हारराव धनगर मेंढ्या घेऊन शहरातल्या बाजाराला निघाला होता. तो दारात येऊन म्हणाला, मालक, मेंढ्या उतरवतो, टेम्पो धुऊन देतो, चटई टाकू, चला. तात्या म्हणाले, पाटलाची बायको मेंढरांच्या गाडीत न्यायची का? आणि जीपची वाट बघत बसले. जीप दुपारी आली. मल्हाररावचा टेम्पो तोवर शहरात जाऊन, मेंढ्या विकून, परत गावात आला होता.

तात्या हात धुऊन उठले. आत्या त्याच दिवशी गेली आणि भाऊ-बहिणीचं बोलणं तिथं तुटलं, त्याला आता वीसेक वर्षं झाली. दीपमालानं बापाची बाजू घेतली होती. तसं तिनं बोलून काही दाखवलं नाही. आत्याकडे जाणं बंद केलं, इतकंच. ज्या आत्यानं तात्यांशी भांडून तिला इंजिनिअरिंगला घातलं, हाताला धरून एसटीत बसवलं, तिच्याकडे. पुढं नोकरीच्या मुलाखतीत कुणी विचारलं की वाहतुकीचाच विषय का घेतला, तेव्हा ती सांगायची, माझी आई वेळेवर दवाखान्यात पोचू शकली नाही, रस्ता खराब होता. समोरचे गंभीर व्हायचे. तिला नोकरी मिळाली. सांगून सांगून ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की त्यात आई उरली नव्हती आणि टेम्पो तर कधी नव्हताच.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तात्या गॅलरीत बसलेले होते. धोतराच्या काठाला धूळ होती. तिनं चहा ठेवला आणि आतूनच विचारलं, "तात्या, आज कुठं बाहेर गेला होतात का?"

"नाय ब्वा. मी कुठं जातो? पडलो होतो दुपारचा."

ते इतक्या सहज बोलले की आपलीच काही चूक तर झाली नाही ना, असं तिला वाटलं. शहरात पांढऱ्या धोतराची माणसं काय कमी आहेत? पण त्यांनी चहा बशीत ओतला तेव्हा तळहाताला सिमेंटची भुकटी लागलेली होती, आणि तिला एकदम गेल्या साली आलेली लग्नपत्रिका आठवली. आत्याच्या नातीची. तिनं ती मोठ्यानं वाचून दाखवली होती, खाली छापलेल्या पत्त्यासकट. तात्यांनी विचारलं होतं, "कुठंशी आलं हे?" आणि तिनं गॅलरीतून बोट दाखवलं होतं. "समोरच की. रोडच्या पलीकडं ती जुनी पिवळी अपार्टमेंट." तात्या बराच वेळ तिकडं पाहत राहिले, मग म्हणाले, "जवळच हाय की मग." लग्नाला दोघंही गेले नाहीत.

दोन दिवसांनी ती ऑफिसातून दुपारी निघाली. सांडूला परत पाठवलं आणि औषधाच्या दुकानाच्या छपराखाली उभी राहिली. आपण काय करतो आहोत, याला तिच्याजवळ नाव नव्हतं. ऊन मी म्हणत होतं. डिझेलचा वास, हॉर्न, उसाच्या गुऱ्हाळाच्या घुंगरांचा आवाज, सगळं एकमेकांत कालवून तोंडावर येत होतं. तात्या आले. गल्लीतून सावकाश येऊन रस्त्याच्या कडेला थांबले, गाड्या कमी झाल्यावर हात वर करत अर्धा रस्ता ओलांडून दुभाजकाशी पोचले आणि ठोकळ्यावर हात टेकून उभे राहिले. तिला भीती वाटली, आणि त्या भीतीनं तिला जरा बरंही वाटलं. निदान हे तरी मुलीला शोभण्यासारखं होतं. मग मागच्या सिग्नलला गाड्या अडल्या. पलीकडचा अर्धा रस्ता मोकळा झाला. इतका मोकळा, की एक कुत्रं रमतगमत निघालं, मध्येच बसून त्यानं मान खाजवली, आणि उठून पलीकडं गेलं. तात्या जागचे हलले नाहीत. ते कुत्र्याकडं पाहत होते. गाड्या पुन्हा सुटल्या, रस्ता पुन्हा भरला, पुन्हा रिकामा झाला. ते उभेच. शेवटी त्यांनी धोतर सावरलं, वळले आणि आले तसे परत गेले. तिच्यापासून हाकेच्या अंतरावरून गेले. चेहरा शांत होता, देवळातून येणाऱ्या माणसाचा असतो तसा.

ती तिथंच थांबली. आयुष्यभर तिनं एक गोष्ट गृहीत धरली होती. माणूस थांबलेला असतो तो रस्ता नाही म्हणून. रस्ता केला की माणूस जातो. रुंद केला की लवकर जातो. तिची सगळी गणितं ह्याच पायावर उभी होती आणि ती बरोबरही यायची. मोकळ्या रस्त्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र त्यात कुठं जागा नव्हती. तिनं छपराबाहेर पाऊल टाकलं, घराकडं न जाता रिक्षा केली आणि ऑफिसात परत आली.

पुढच्या आठवड्यात पंक्चर बंद झालं. सकाळी ट्रक आला, दुपारपर्यंत नवे ठोकळे बसले, वर लोखंडी जाळी उभी राहिली. बुद्धभूषणनं फोटो पाठवला, त्याखाली वर केलेल्या अंगठ्याचं चिन्ह. संध्याकाळी जेवताना तात्या आपणहून म्हणाले, "बंद केलं म्हनं ते."

"काय, तात्या?"

"रस्त्यातली वाट. जाळी ठोकली पार. आता कुणाला जायाचं म्हणलं तरी जाता येत नाय."

"तुम्हाला जायचं होतं का कुठं?"

"मला? नाय ब्वा. लोकांचं सांगतो." त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली, तिच्यावर ठेचा घेतला आणि मन लावून खाल्ली. त्यांच्या आवाजात काहीतरी हलकं झालं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी खरोखरच झोपू लागले. कामवाल्या बाईनं सांगितलं, "बाबा लई गाढ झोपत्यात आता. बेल वाजवली तरी उठत नाहीत." दीपमालाला ते ऐकून बरं वाटलं नाही. औषधानं ताप उतरावा आणि पाहावं तर तो ताप नव्हताच, अंगात तेवढीच ऊब उरली होती, असं काहीतरी.

शनिवारी तिनं रिक्षा केली. समोर दिसणाऱ्या इमारतीत जायला रिक्षा पार पुढच्या चौकातून वळून आली. पिवळ्या अपार्टमेंटचा जिना अरुंद होता, तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. मनकर्णाबाई गॅलरीत लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, डोळे बारीक केले. "दीपे? पांढरी झालीस की गं."

दीपमालाला वाटलं होतं की आपण वाकून नमस्कार करू, काही बोलू. ती नुसती खाली फरशीवर बसली आणि पुढ्यातला लसूण सोलू लागली. खाली रस्ता होता. इथून दुभाजक पूर्ण दिसत होता, नवी जाळी उन्हात चमकत होती.

"बाप झोपतो का आता दुपारचा?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

तिचा हात थांबला. "तुला दिसायचे ते?"

"दिसणार नाय तर काय? इथंच बसलेली असते मी. पयल्यांदा वाटलं, दुसरं कुणी असंल. मग टोपी वळखली. म्हणलं, आज येतो. सुनंला म्हणलं, च्याचं आधण ठेव. आला नाय. दुसऱ्या दिशी पुन्हा तिथंच. मग कळलं, ह्यो येत नसतो. नुसता उभा ऱ्हातो."

"मग हाक मारायची, आत्या."

"ह्या गलक्यात?" मनकर्णाबाई हसल्या. मग हसू गेलं. "मारली असती. पर आला असता तर काय बोलायचं, ते मला तरी कुठं ठाव व्हतं? लांबून बरा दिसत व्हता." त्यांनी सालपटं गोळा केली. "कुणी बंद केलं गं ते?"

"आमच्या ऑफिसनं. मीच सुचवलं होतं."

मनकर्णाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. "मानसं मेली असती का तिथं?"

"मेली असती."

"मग बरं केलं." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "म्या तवा लई बोलले त्याला. जेवत्या पंगतीत. तुझी आई, केसर, माझ्याबी लेकीवाणी व्हती, ऱ्हावलं नाय मला."

"खोटं नव्हतीस बोलली."

"खरं व्हतं म्हणूनच लागलं त्याला. खोट्याचं काय एवढं?" खालून ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली. तो लांब जाईपर्यंत मनकर्णाबाई थांबल्या. "त्याला म्हणावं, मनकर्णा म्हणती, रस्ताच वाईट व्हता. एवढं सांग. बाकी काय बोलू नको."

घरी आली तेव्हा दिवेलागण होत होती. तात्या नुकतेच झोपून उठलेले, तोंड धुऊन गॅलरीत बसले होते. ती शेजारी खुर्ची ओढून बसली. "आत्याकडं गेले होते," ती म्हणाली.

तात्या पंचानं तोंड पुसत होते ते पुसत राहिले.

"आत्या म्हणाली, तात्याला सांग. रस्ताच वाईट होता."

पंचा मांडीवर आला. समोर रस्त्यावर दिवे लागले होते आणि गाड्यांची रांग सरकत होती, थांबत होती. तात्यासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "असं म्हणली?"

"हो."

"तू तर ह्याच कामातली," ते म्हणाले. "तू काय म्हणतेस?"

तिला ते गुळगुळीत झालेलं वाक्य आठवलं. ते तोंडापर्यंत आलंही. म्हणून टाकलं असतं तर सगळं आहे तिथंच राहिलं असतं. वडील जेवले असते, उद्या दुपारी झोपले असते. तिनं स्वतःला बोलताना ऐकलं, ऑफिसात एखाद्या जागेची माहिती सांगावी तसं. "रस्ता वाईट होता, तात्या. घाटात कोंडी होती. पण सकाळी गाड्या जात होत्या."

ती त्यांच्याकडं न बघता बसून राहिली. आपण फार मोठी चूक केली असं तिला वाटलं आणि ती दुरुस्त करावी असं मात्र वाटलं नाही.

"व्हय," तात्यासाहेब म्हणाले. "जात व्हत्या."

मग ते आत गेले. तिला वाटलं, झोपायला गेले. पण कपाट उघडल्याचा आवाज आला, कपडे खालीवर केल्याचा, आणि थोड्या वेळानं ते दारात येऊन उभे राहिले. हातात घडी घातलेलं धोतर होतं, धुतलेलं.

"कितव्या मजल्यावर हाय ती?"

"तिसऱ्या."

"लिफ्ट हाय का?"

"नाही. जिना आहे. अरुंद आहे जरा."

त्यांनी आपल्या गुडघ्यांकडं पाहिलं. "कठडा?"

"एकाच बाजूला आहे, तात्या."

"एका बाजूला पुरतो," तात्यासाहेब म्हणाले.